सीझनमध्ये माणसं करपू नयेत म्हणून: पोळ्यापासून करायची तयारी

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी आमच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावरच्या पोराने १७.४० क्विंटल कापसाची गाडी १४.७० लिहिली. शेतकरी जागरूक होता, तिथेच ओरडला आणि पट्टी (वजन-भावाची पावती) दुरुस्त झाली. पण त्या आठवड्यातली ती तिसरी चूक होती. मालक म्हणाले, "लक्ष नाही त्याचं, मोबाईल काढून घ्या." मोबाईल काढून घेतला आणि दोन दिवसांनी चौथी चूक झाली. तेव्हा कुठे मी हजेरीचं रजिस्टर उघडलं. पोरगा ४१ दिवसांत एकदाही घरी बसला नव्हता, आणि त्याला सुट्टी देणारा मीच होतो.

जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, ऑफिसात बरीच वर्षं काढल्यावर एवढं कळलं, की माणसं सांभाळायची इच्छा बहुतेक मालकांची असते, पण क्रम उलटा लागतो. सीझन संपल्यावर पार्टी देतात, मधेच कुणाला तरी बोलावून तणावमुक्तीवर व्याख्यान ठेवतात, माणूस पार बसला की सुट्टी देतात, आणि बदली माणसाचा विचार सर्वात शेवटी करतात. हा क्रम सुलटा कसा करायचा ते खाली टप्प्याटप्प्याने लिहिलं आहे. उदाहरणं जिनिंगची आहेत, पण जून-जुलैतलं कृषी केंद्र, मार्चअखेरची पतसंस्था, वरुड-मोर्शीकडची संत्र्याची पॅकिंग किंवा एखादी दालमिल, सगळीकडे गणित तेच. फक्त महिने बदलून घ्या.

## सुरू करण्याआधी: दमणं वेगळं, करपणं वेगळं

गाठी भरून दमलेला माणूस दोन रात्री नीट झोपला की ताजा होतो. करपलेला होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली, ती आजार म्हणून नव्हे, कामाशी जोडलेली अवस्था म्हणून. कामाचा ताण दीर्घकाळ राहिला आणि तो नीट हाताळला गेला नाही, की तीन गोष्टी दिसतात: अंगातलं बळ संपतं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा येतो, आणि हातून काम नीट होईनासं होतं.

आपल्याकडे माणूस हे या शब्दांत सांगत नाही. तो म्हणतो, "भाऊ, आता कापूस दिसला का मळमळते." किंवा काहीच म्हणत नाही. आधी शेतकऱ्याला "बसा जी, पाणी घ्या" म्हणणारा माणूस मान वर न करता पट्टी सरकवतो. हा दुसरा बदल पक्का ओळखायला शिका, कारण थकवा सगळेच लपवतात. तुसडेपणा लपत नाही.

तपासा: एक पूर्ण सुट्टी घेऊन आल्यावर माणूस कसा आहे? ताजा असेल तर दमला होता. पहिल्याच गाडीला तोंड वाकडं झालं तर पुढचे टप्पे तुमच्यासाठी आहेत. पण एकाच दिवसावरून ठरवू नका, दोन-तीन सुट्ट्यांनंतर पाहा.

## टप्पा १: पोळा झाला की खुर्च्यांची यादी करा

एक साधी वही घ्या. त्यात माणसांची नावं लिहू नका, खुर्च्या लिहा. गेट आणि टोकन, काटा, ग्रेडिंग (कापसाची प्रत ठरवणं), पट्टी, चुकारे (शेतकऱ्यांना द्यायचे पैसे), रुई-गाठींचं रजिस्टर, सरकीचं लोडिंग, जिनचा फिटर, प्रेस. प्रत्येक खुर्चीपुढे एकच प्रश्न: ही खुर्ची उद्या रिकामी राहिली तर दुपारी बारापर्यंत काय अडेल?

माणसांच्या नावाने यादी केली की आपण स्वभाव लिहायला लागतो. हा चांगला, तो आळशी. खुर्चीच्या नावाने केली की दिसतं, कुठे एकाच माणसावर सगळं टांगलेलं आहे. आमच्या यादीत सर्वात वाईट खुर्ची निघाली मुनीमजींची, आणि कारण हिशोब नव्हताच. बँकेचा ओटीपी त्यांच्या मोबाईलवर यायचा. चुकारे सोडायचे तर मुनीमजी जागे हवेत, रेंजमध्ये हवेत. साळ्याच्या लग्नात ते मांडवामागे टॉवर शोधत फिरत होते, आणि मागून सासरा विचारत होता, "जवाई, अक्षता टाकाले तरी याल का?"

म्हणून यादीत एक रकाना खास ठेवा: पासवर्ड, किल्ली, शिक्का, ओटीपी कुणाकडे? जिथे एकच नाव येईल तिथे लाल खूण. यातली अर्धी कामं एका दुपारी सुटतात. ओटीपीसाठी ऑफिसचा स्वतंत्र मोबाईल नंबर घ्या, बँकेत दुसरा अधिकृत सहीदार नोंदवा, कपाटाची दुसरी किल्ली मालकाकडे ठेवा.

सावधान: पासवर्ड कागदावर लिहून भिंतीला चिकटवणं हा उपाय नाही. दोघांना स्वतंत्र लॉगिन द्या. नाहीतर उद्या चूक कुणाची यावरून भांडण होईल, आणि त्या भांडणाने माणसं आणखी लवकर करपतील.

## टप्पा २: प्रत्येकाचं वावर विचारा

शहरातल्या माणसाने लिहिलेल्या मार्गदर्शनात हा टप्पा सापडत नाही, आणि आपल्याकडे सगळं इथेच फसतं. तुमच्या ऑफिसातल्या निम्म्या माणसांना दुसरी नोकरी आहे: घरची तीन-चार एकर. सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आसपास, मग कापसाची वेचणी, तूर, आणि ओलीत असेल तर चना-गहू. म्हणजे तुमचा सीझन आणि त्यांचा सीझन एकाच वेळी.

त्यात वीज. सोलरवर गेलेले फिडर सोडले तर कृषिपंपाची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रीची पाळी आली की माणूस थंडीत बॅटरी घेऊन बांधावर. ओलीत नसेल तर जागल आहेच. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रात्रीतून उभं पीक झोपवतात. सकाळी नऊला तो काट्यावर येतो तेव्हा तुमच्या दृष्टीने दिवस सुरू होतो. त्याचा पहाटे चारला अर्धा संपलेला असतो.

करायचं काय? सप्टेंबरमध्येच प्रत्येकाला तीन गोष्टी विचारून वहीत लिहा: वावर किती आणि कुठे, ओलीत आहे का, फिडरचे रात्रीचे वार कोणते. ज्याची रात्रीची वीज त्याला दुसऱ्या दिवशी उशिराची पाळी. रात्र जागलेल्या माणसाला जिनच्या रोलरजवळ किंवा प्रेसवर उभं करू नका, तो दिवस रजिस्टरवर काढू द्या.

विचारताना सूर सांभाळा. "शेतीमुळे कामात कसूर होते का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही जी, काहीच नाही." त्याऐवजी आपलंच सांगा, "आमच्याकडे या हप्त्यात रात्रीची लाईन आहे, तुमच्याकडे कशी?" माणूस आपोआप बोलतो.

बाया वेगळ्याने विचारात घ्या. कापसातला कचरा आणि कवडी (खराब कापूस) वेचणाऱ्या बायांना रोजंदारीच्या म्हणून या हिशेबातून वगळतात. त्या पहाटे स्वयंपाक करून, कधी स्वतःचं वावर वेचून, ऑटोत दाटीने बसून येतात. त्यांच्यासाठी दोन गोष्टी आधी करा: कडी लागणारं, पाणी असणारं संडास, आणि अंधार पडायच्या आत सुटका. संडास नसेल तर बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. मग दुपारी डोकं दुखतं, चक्कर येते, आणि आपण म्हणतो कामचुकार.

## टप्पा ३: फिरता माणूस तयार करा

सगळ्या लेखातला एकच टप्पा करणार असाल तर हा करा.

मालकाचा हमखास आक्षेप: "प्रत्येक खुर्चीला दोन माणसं ठेवली तर मी काय खाऊ?" दोन नको. गेट, काटा, पट्टी, चुकारे, गाठींचं रजिस्टर, सरकीचं लोडिंग या सहा खुर्च्या धरा. सहाही कामं जाणणारा एकच फिरता माणूस ठेवला, तर सोमवारी तो गेटवर बसतो आणि गेटवाला घरी, मंगळवारी काट्यावर आणि काटेवाला घरी. सहा दिवसांत सहा जणांच्या सुट्ट्या होतात आणि सातव्या दिवशी त्याची स्वतःची. एका पगारात सहा माणसांची साप्ताहिक सुट्टी निघते.

तयारी या क्रमाने:

१. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत साधारण ४० दिवस असतात. महालक्ष्म्या, गणपती, पितृपक्षातली जेवणं धरूनही ३० कामाचे दिवस निघतात. सहा खुर्च्या, प्रत्येकी पाच दिवस.

२. पाचातले पहिले दोन दिवस त्याने फक्त पाहायचं आणि लिहायचं. तेव्हा कापूस नसतो, म्हणून गेल्या वर्षीच्या पट्ट्या काढा, रिकामा ट्रॅक्टर काट्यावर चढवा.

३. पुढचे दोन दिवस तो करेल, जुना माणूस शेजारी बसेल. बसेल म्हणजे गप्प बसेल. हातातला माऊस हिसकावणार नाही.

४. पाचव्या दिवशी तो एकटा. जुन्या माणसाला त्या दिवशी सक्तीने घरी पाठवा. तो फोन करेल, उचलू नका.

५. दसऱ्याच्या मुहूर्ताला येणाऱ्या पहिल्या गाड्या फिरत्या माणसाकडून करून घ्या. गर्दी नसताना झालेली चूक स्वस्तात पडते.

ग्रेडर आणि जिनचा फिटर या गणितात बसवू नका. कापूस हातात घेऊन धागा ओढून प्रत सांगणं पाच दिवसांत येत नाही, आणि फिटरचं काम अर्धवट शिकलेल्याला दिलं तर बोटं जातात. त्यांच्यासाठी जवळपासचा निवृत्त ग्रेडर किंवा शेजारच्या जिनचा फिटर आठवड्यातल्या एका ठरलेल्या दिवसासाठी सप्टेंबरमध्येच बोलून ठेवा. डिसेंबरमध्ये शोधायला गेलात तर कुणी सापडत नाही.

नेहमीची चूक: ऐन गर्दीत शिकवणं. गेटवर चाळीस ट्रॅक्टर उभे असताना जुना माणूस शिकवत नाही, चिडतो. नवा घाबरतो. आठवड्यात दोघंही म्हणतात, "जाऊ द्या, माझं मीच करतो." बदली माणूस तिथेच संपला.

दुसरी चूक: फिरता माणूस म्हणजे पडेल ते काम करणारा पोऱ्या. चहा, बँक, मालकाच्या पोराला शाळेतून आणणं. तसं झालं तर सर्वात आधी तोच करपेल. त्याचं वेळापत्रक भिंतीवर लावा आणि स्वतः पाळा.

## टप्पा ४: गाड्या मोजून घ्या, मग तास ठरवा

पाळीचे तास आधी ठरवून कागदावर लिहितात आणि गाड्या येतील तेवढ्या घेतात. मग कागद कागदावर राहतो. आधी गाड्यांचा आकडा बांधा.

सर्वात हळू चालणारी खुर्ची कोणती ते पाहा. आमच्याकडे ग्रेडर होता, एका गाडीला सरासरी सहा मिनिटं. आठ तासांतून अर्ध्या तासाचं जेवण वजा केलं तर ४५० मिनिटं उरतात, म्हणजे ७५ गाड्या. त्यातल्या पाच भांडणासाठी सोडा. टोकन सत्तरच वाटायचे, एकाहत्तरव्या गाडीला उद्याचा नंबर.

शेतकरी चिडेल असं वाटतं. पहिल्या आठवड्यात चिडतोही. पण भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन रात्रभर थंडीत गेटवर कुडकुडण्यापेक्षा उद्या सकाळी दहाचा पक्का नंबर त्यालाही परवडतो, हे त्याला लवकरच कळतं. व्यापाऱ्याला कळायला थोडा जास्त वेळ लागतो.

तासांचं कायद्यात स्पष्ट आहे: कारखान्यात आठवड्याला ४८ तास, आठवड्यातून एक सुट्टी, आणि जादा तास घेतले तर दुप्पट दर. "आपण सगळे एका घरचे" म्हणून हा दुप्पट दर बुडवू नका. घरचे म्हणणारा मालक आणि पगारपत्रकातले गायब तास, हे दोन्ही माणसं बरोबर लक्षात ठेवतात.

तपासा: सुट्टीच्या दिवशीही "जरा हिशोब मिळवाले या" म्हणून पट्टीवाल्याला बोलावलं जातं का? तसं असेल तर त्याला सुट्टी नाहीच. हिशोब रोज संध्याकाळी अर्धा तास खरेदी आधी थांबवून मिळवा.

आणि व्हॉट्सॲप. मालकाला रात्री अकराला गाठींचा आकडा आठवतो. तो ग्रुपवर विचारतो आणि नऊ जण दचकून मोबाईल पाहतात. आमचा नियम एवढाच होता: रात्री आठनंतर मेसेज नाही, आग लागली किंवा कुणाला इजा झाली तरच, आणि तेव्हाही मेसेज नाही, थेट फोन. कापसाच्या धंद्यात आगीचा फोन चुकवता येत नाही, म्हणूनच बाकीचे फोन बंद हवेत.

## टप्पा ५: शिव्या कुणी खायच्या ते ठरवा

तासांपेक्षा जास्त माणूस करपतो तो शिव्यांनी. भाव ग्रेडर ठरवत नाही, ओलाव्याची कपात त्याच्या खिशात जात नाही. पण वर्षभराची मेहनत घेऊन आलेल्या शेतकऱ्यासमोर तोच उभा असतो. शेतकऱ्याचा राग खोटा नसतो, त्याला चुकीचा माणूस सापडलेला असतो.

इथे तीन कामं. गेटवरच मोठा फळा लावा: आजचा भाव आणि ओलाव्याचा नियम. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, त्याहून ओला कापूस घेत नाहीत. गाडी रांगेत लागण्याआधी हे वाचलं गेलं की अर्धा वाद गेटबाहेरच मिटतो. दुसरं, ओलावा मोजायच्या यंत्राचा आकडा शेतकऱ्याला दिसेल असा धरा. तिसरं आणि महत्त्वाचं: वाद दोन मिनिटांच्या वर गेला की ग्रेडरने फक्त एवढंच म्हणायचं, "दादा, केबिनमध्ये साहेब आहेत, त्यांच्याशी बोला." आणि केबिनमध्ये साहेब खरोखर असले पाहिजेत.

दर दोन तासांनी ग्रेडरला पंधरा मिनिटं मागे पाठवा, गंजीकडे किंवा चहाला, जिथे कुणी त्याच्याशी भाव बोलणार नाही. टप्पा ४ मधल्या मिनिटांतून ही वेळ कापा. पाच-सात गाड्या कमी होतील, होऊ द्या.

## टप्पा ६: आठवड्याचे पाच मिनिटं

दर आठवड्याला प्रत्येकाशी पाच मिनिटं, एकेकट्याशी, शक्यतो केबिनबाहेर. "काही त्रास?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. हे विचारा:

- या हप्त्यात घरी पोरं जागी असताना किती दिवस पोचला?
- कोणतं काम दोनदा करावं लागलं?
- सुट्टीच्या दिवशी आमच्यापैकी कुणाचा फोन आला?

उत्तरं वहीत तारखेसह. दोन आठवडे सलग एकच तक्रार आली तर तिसऱ्या आठवड्यात विचारायला जाऊ नका, आधी ती दुरुस्त करा. विचारून काहीच न करणं हे न विचारण्यापेक्षा वाईट.

## टप्पा ७: कुणी आधीच करपला असेल तर

प्रथम काम कमी करा, मग बोला. उलटं केलं तर त्याला वाटतं आता नोकरी जाते. सुट्टी द्यायची तर सलग द्या आणि ऑफिसचा मोबाईल काढून घ्या. आणि परतल्यावर टेबलावर साचलेला ढीग त्याचीच वाट पाहत नसावा, तो फिरत्या माणसाने उपसलेला असावा.

शरीराची तपासणी करायला सांगा. सततच्या थकव्यामागे रक्त कमी असणं, साखर, थायरॉईड असू शकतं, आणि विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करता येते. झोप उडाली, रडू येतं, दारू वाढली, तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. पहिल्या वेळी सोबत जा. एकटा माणूस त्या दारापर्यंत जाऊन परत येतो.

सावधान: "आता जगून काय फायदा", "माझ्यामागे पोरांचं पाहा" असं बोलणं मस्करीवर नेऊ नका. मनात जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार रुजत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, घरातलं फवारणीचं औषध त्याच्या हाती लागणार नाही असं कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवायला सांगा, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सीझन असो नसो.

## टप्पा ८: गाड्या थांबल्यावर

मार्च-एप्रिलमध्ये आवक ओसरली की वही काढा. कुणाच्या किती सुट्ट्या बुडाल्या ते मोजा आणि उन्हाळ्यात, लग्नसराईत, त्या भरून द्या. पैसे देऊन मिटवू नका, दिवस द्या. मग प्रत्येक खुर्चीपुढे लिहा: चुका कोणत्या आठवड्यात वाढल्या? आमच्या वहीत त्या दरवर्षी एकाच ठिकाणी वाढलेल्या दिसल्या, संक्रांतीनंतरच्या दोन आठवड्यांत. दिवाळीपासून धावलेली माणसं तिथे येऊन अडखळत होती. पुढच्या वर्षी त्या दोन आठवड्यांसाठी टोकन सत्तरवरून साठवर आणले.

काट्यावरचा तो पोरगा अजून आहे. त्याची सुट्टी मंगळवारी असते. ओटीपीचा मोबाईल आता ऑफिसच्या कपाटात असतो, आणि मुनीमजी मागच्या वैशाखात पुतण्याच्या लग्नाला चार दिवस गेले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला, "सगळं बरोबर आहे ना जी?" फिरत्या माणसाने उचलला नाही.